पडद्यामागचा आवाज

पावसात चिंब भिजलेला, मिटलेली छत्री हातात धरून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला लटकलेला एक हसरा माणूस. हे चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. मूळ चित्रपट पाहिलेला नसला तरी जाहिरातीत, पोस्टरवर, कुणीतरी केलेल्या नकलेत ते येऊन गेलेले असते. तो माणूस म्हणजे जीन केली आणि तो चित्रपट म्हणजे एमजीएम कंपनीने १९५२ साली आणलेला ‘सिंगिन इन द रेन’. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ साली अमेरिकेतल्या उत्तम संगीतपटांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक यालाच दिला. आम्ही तो अलीकडे पुन्हा पाहिला. पूर्वी पाहिला होता तेव्हा पावसातले गाणे तेवढे लक्षात राहिले होते. या वेळी मनात रेंगाळला तो दुसराच धागा. गळा एकीचा आणि नाव दुसरीचे, हा जो व्यवहार या चित्रपटात दाखवला आहे, त्याबद्दल आज लिहितो आहोत.

आपल्या वाचकांत दोन प्रकारची घरे आहेत. काही घरांत सिनेमा आणि गाण्याबजावण्यापासून लांब राहण्याचा कटाक्ष असतो. त्यांचा आम्हाला आदर आहे आणि त्यांना चित्रपट पाहायला लावावा असा या लेखाचा हेतू नाही. काही घरांत निवडून, पारखून, मुलांबरोबर बसून जुने चित्रपट पाहिले जातात. या कथेतला प्रश्न दोन्ही घरांचा आहे, म्हणून कथा जरा विस्ताराने सांगतो.

काळ १९२७ सालचा, मूकपटांचे दिवस सरत आलेले. डॉन लॉकवुड आणि लीना लमाँट ही जोडी लोकांच्या गळ्यातला ताईत झालेली आहे. पडद्यावर लीना राजघराण्यातली नाजूक स्त्री शोभते. चाहत्यांसमोर मात्र ती कधीच बोलत नाही, दोघांच्या वतीने डॉनच बोलतो. का, ते आपल्याला थोड्या वेळाने कळते. लीना तोंड उघडते आणि चिरका, नाकातून येणारा, न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतल्या हेलाचा आवाज बाहेर पडतो. मूकपट होते तोवर काही बिघडत नव्हते. पण वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जाझ सिंगर’ झळकतो आणि सगळे चित्र पालटते. ही घटना इतिहासातली आहे. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट लागला. त्याचा बराचसा भाग मूकच होता, पण अल जोल्सनचे गाणे आणि चार वाक्ये पडद्यावरून ऐकून लोक वेडे झाले. दोनतीन वर्षांत अमेरिकेत मूकपट जवळजवळ संपले.

कथेतल्या कंपनीलाही आपला अर्धवट झालेला मूकपट घाईघाईने बोलका करावा लागतो. मग जी तारांबळ उडते, ती पाहताना लहान मुलेसुद्धा हसून लोळतात. माइक झुडपात लपवला की लीनाने मान वळवताच आवाज गायब. तो तिच्या पोशाखात शिवला की संवादाऐवजी हृदयाचे ठोके ऐकू येतात. खांद्यावरच्या फुलात लपवला, तर वायर पाहून कंपनीचा मालक “हे काय मध्येच?” म्हणत ती ओढतो आणि लीना धाडकन पडते. चाचणीच्या खेळात यंत्राचा मेळ बिघडतो, तिच्या तोंडून खलनायकाचा आवाज येतो आणि खलनायकाच्या तोंडून तिचा. प्रेक्षक खो-खो हसतात. कंपनी बुडायची वेळ येते.

तेव्हा डॉनचा मित्र कॉस्मो एक तोड काढतो. चित्रपटाचा संगीतपट करायचा आणि लीनाच्या ओठांवर दुसरीचा आवाज चढवायचा. ही दुसरी म्हणजे कॅथी सेल्डन. कामाच्या शोधात असलेली, गळ्यात गोडवा असलेली, डॉनचे जिच्यावर मन जडले आहे अशी मुलगी. डॉन तिला सांगतो की एवढ्या एकाच चित्रपटापुरते, पुढे तू स्वतःच्या नावाने काम करशील. कॅथी कबूल होते. लीनाला हे कळते तेव्हा ती आपला करार काढून मालकापुढे ठेवते. तिच्या प्रसिद्धीवर तिचाच ताबा आहे, असे त्यात लिहिलेले आहे. कॅथीचे नाव कुठेही छापायचे नाही आणि तिने यापुढेही पडद्याआड राहून आपल्यासाठीच गायचे, असा हट्ट ती धरते. मालकाला चित्रपटाचा गल्ला दिसत असतो. तो मान तुकवतो.

शेवटी पहिल्या खेळाच्या रात्री प्रेक्षक लीनाला मंचावर गायला सांगतात. ती ओठ हलवते, पडद्यामागे माइकसमोर कॅथी गाते आहे. डॉन, कॉस्मो आणि मालक एकमेकांकडे पाहतात आणि दोर ओढून पडदा वर करतात. सगळे सभागृह पाहत राहते. कॅथी लाजेने पळत सुटते. डॉन ओरडून सांगतो की हिला थांबवा, आज तुम्ही जो आवाज ऐकलात आणि ज्याला दाद दिलीत तो हिचा आहे.

न्याय झाला, असे वाटून प्रेक्षक खूष होऊन उठतो. आम्हीही पूर्वी असेच उठलो होतो. पण हा चित्रपट ज्या कारखान्यात तयार झाला, त्या कारखान्यात काय चालले होते ते ठाऊक झाल्यावर तो शेवट वेगळाच दिसू लागतो.

कॅथीची भूमिका केली डेबी रेनॉल्ड्सने. चित्रीकरणाच्या वेळी ती अवघी एकोणीस वर्षांची होती आणि नर्तकी नव्हती, लहानपणापासून कसरतीचे शिक्षण घेतलेली मुलगी होती. जीन केली आणि डोनाल्ड ओकॉनर या दोन कसलेल्या नर्तकांच्या मधोमध उभे राहून तिला नाचायचे होते. एका गाण्याच्या चित्रीकरणात सकाळी सुरू झालेले काम रात्री अकराला संपले, तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होते. केलीने स्वतः पावसाचे गाणे १०३ अंश तापात केले. ओकॉनरचे भिंतीवर चढून उलटी कोलांटी मारण्याचे प्रसिद्ध गाणे करून झाल्यावर त्याला अंथरूण धरावे लागले. पडद्यावर जे लीलया घडल्यासारखे दिसते त्यामागे हे असे शरीर झिजवणे होते. या तिघांची नावे निदान मोठ्या अक्षरांत झळकली.

आता तो प्रसंग पाहा, जिथे कॅथी माइकसमोर उभी राहून लीनासाठी गाते. ‘वुड यू?’ हे गाणे. कॅथी गाते आहे आणि तोच आवाज पुढे लीनाच्या ओठांवर जातो, असे आपण पाहतो. प्रत्यक्षात तो आवाज डेबी रेनॉल्ड्सचा नाहीच. तो बेटी नोइस नावाच्या गायिकेचा आहे. म्हणजे लीनाला आवाज उसना देणारी जी कॅथी, तिलाच आवाज उसना दिलेला आहे! आणि श्रेयनामावलीत बेटी नोइसचे नाव नाही. डिस्नेच्या ‘डम्बो’ (१९४१) या चित्रपटात सोंडेने पिल्लाला कुरवाळणाऱ्या हत्तिणीचे अंगाईगीत आहे, ते गाणे ऑस्करच्या स्पर्धेत होते. तेही हिनेच गायलेले, आणि पडद्यावर तिथेही तिचे नाव आले नाही.

संवादांची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. लीनाच्या तोंडचे संवाद कॅथी आपल्या सुसंस्कृत आवाजात पुन्हा बोलते, असा एक प्रसंग आहे. त्या ठिकाणी ऐकू येणारा भारदस्त, स्वच्छ आवाज कुणाचा असावा? लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगनचा! चिरक्या आवाजाची बाई म्हणून जिला जग ओळखते, त्या जीन हेगनचा स्वतःचा आवाज खोल आणि सुरेख होता. रेनॉल्ड्स टेक्ससमधल्या एल पासोची. तिच्या बोलण्यातला हेल त्या दरबारी संवादांना शोभत नाही, असे दिग्दर्शकांना वाटले. मग जीन हेगनने कॅथीचा आवाज दिला, जो आवाज कथेत कॅथी लीनाला देते आहे, आणि लीना म्हणजे पुन्हा जीन हेगनच. वाचताना डोके गरगरले असेल तर दोष वाचकांचा नाही.

दोन तास ज्या चित्रपटाने लीनाच्या हेलाची टिंगल केली, त्याच चित्रपटाने आपल्या नायिकेचा हेलसुद्धा गुपचूप झाकला.

लीनाला उच्चार शिकवायला एक बाई नेमलेली आहे. बाई एक वाक्य नीट म्हणून दाखवतात, लीना ते पुन्हा आपल्याच हेलात म्हणते. प्रेक्षागृहात हशा. दुसरीकडे डॉन आणि कॉस्मो आपल्या उच्चाराच्या मास्तरांची यथेच्छ फिरकी घेतात आणि त्यावरही हशा, पण तो हशा मास्तरांवर आहे. पुरुषांना उच्चार येतातच, त्यांना शिकवणारा विनोदी ठरतो. बाईला येत नाहीत, म्हणून ती स्वतः विनोदी ठरते. पूर्वी हे जाणवले नव्हते. वर्गात उभे राहून उर्दू आणि मराठी शिकवण्यात वर्षे गेल्यावर मात्र ते डोळ्यांत खुपते. उर्दूच्या तासाला मराठवाड्यातले पोर ‘हौ’ आणि ‘कायकू’ म्हणाले की लखनवी तलफ्फुजचा अभिमान बाळगणारे हसतात. मराठीच्या तासाला तेच पोर ‘ळ’ला अडखळले की दुसरे हसतात. मराठी नाटका-सिनेमांतला मुसलमान चाचा वर्षानुवर्षे मोडकी मराठीच बोलत आला आहे, मग प्रत्यक्षात त्याच्या सात पिढ्या रत्नागिरीत किंवा सोलापुरात का गेलेल्या असेनात. शुद्ध बोलायला शिकवलेच पाहिजे, तो आमचा व्यवसायच आहे. पण शिकवणे वेगळे आणि हसणे वेगळे. लीना वाईट वागते, हक्क दडपते, ते तिचे पाप. तिचा हेल हे तिचे पाप नव्हे, आणि चित्रपट या दोन गोष्टींची सरमिसळ करतो.

बोलपटांच्या आगमनाने खऱ्या माणसांचेही असेच हाल झाले होते. बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाने ही पटकथा रचली, ती त्या काळच्या आठवणी आणि आख्यायिका गोळा करून. मूकपटांची मोठी नायिका नॉर्मा टालमाज हिची कारकीर्द १९३० नंतर संपली. हंगेरीहून आलेल्या विल्मा बँकीचा परदेशी हेल तिला आड आला. इंग्लंडमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. आल्फ्रेड हिचकॉक १९२९ साली ‘ब्लॅकमेल’ हा चित्रपट बोलका करत होते. त्यांची नायिका ॲनी ओंड्रा हिचा हेल चेक वळणाचा. त्या काळी नंतर आवाज भरण्याची सोय नव्हती. म्हणून जोन बॅरी नावाच्या इंग्रज अभिनेत्रीला कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर माइकसमोर उभे केले. ती संवाद बोलत असे आणि त्याच क्षणी ओंड्रा नुसते ओठ हलवत असे. ‘सिंगिन इन द रेन’मधला शेवटचा प्रसंग लेखकांच्या कल्पनेतून आला असे वाटते खरे, पण जवळजवळ तसाच प्रसंग तेवीस वर्षांपूर्वी लंडनजवळ प्रत्यक्ष घडलेला होता.

आपल्याकडचे उदाहरण अधिक उमेदीचे आहे. पुण्यात जन्मलेल्या, बगदादी यहुदी घराण्यातल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांच्या सर्वांत मोठ्या नायिका होत्या. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, झुबेदा त्याची नायिका होती, आणि पडदा हिंदुस्थानी बोलू लागला. सुलोचनांना ती जबान नीट येत नव्हती. त्यांनी वर्षभर काम बाजूला ठेवले, भाषा शिकल्या आणि आपल्याच गाजलेल्या ‘माधुरी’ या मूकपटाच्या बोलक्या आवृत्तीतून १९३२ साली परतल्या. लीना लमाँटच्या लेखकांना ही गोष्ट कुणी सांगायला हवी होती.

पुन्हा हॉलिवूडकडे वळू. बेटी नोइसचा किस्सा एकटादुकटा असता तर त्याला चूकभूल म्हणून सोडता आले असते. पण ती तिथली रीतच होती. प्रेक्षकाला वाटले पाहिजे की सुंदर चेहऱ्याचाच गळाही सुंदर आहे, म्हणून गाणारीने गप्प राहायचे. या रीतीचा सगळ्यात मोठा बळी, किंवा आज म्हणायचे तर सगळ्यात मोठी साक्षीदार, म्हणजे मार्नी निक्सन. ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा कार, ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न, या तिघींच्या ओठांवरचा गाणारा गळा मार्नी निक्सनचा. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तर, तोंड उघडलेस तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही, अशी तंबी मिळाल्याचे तिने पुढे सांगितले. त्या गाण्यांच्या तबकडीचे तिला मिळाले ४२० डॉलर. तबकडी मात्र वर्षानुवर्षे खपत राहिली.

यात एक गोष्ट नोंदवायला हवी. मार्नी निक्सनचे नाव पहिल्यांदा जगापुढे आणले ते खुद्द डेबोरा कार यांनी. कंपनीची इच्छा काहीही असो, गाणे कुणी म्हटले ते त्यांनी उघड सांगून टाकले. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वेळी संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी स्वतःच्या मानधनातला पाव टक्का हिस्सा तिला दिला. रक्कम किती हा भाग वेगळा, पण स्वतःच्या ताटातले काढून दिले. लीनासारखा करार पुढे करणे सोपे.

‘माय फेअर लेडी’त तर गंमत अशी की, फुले विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून बाईसाहेब बनवण्याचीच ती गोष्ट. बर्नार्ड शॉचे मूळ नाटक, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे मराठी माणसाला ती परकी नाही. ऑड्री हेपबर्नने गाण्याची कसून तयारी केली होती, पण तिची बहुतेक गाणी बदलण्यात आली. बोली सुधारलेल्या नायिकेलाही शेवटी परक्या गळ्यानेच गावे लागले. आणि ‘सिंगिन इन द रेन’मध्ये लीनाच्या कानात कॅथीचे गुपित सांगणारी जी चुगलखोर मैत्रीण आहे, ती भूमिका रीटा मोरेनोची. नऊ वर्षांनी ‘वेस्ट साइड स्टोरी’त तिच्याही एका गाण्याला बेटी वॉण्ड नावाच्या दुसऱ्याच गायिकेचा आवाज दिला गेला.

हिंदी चित्रपटांनी पार्श्वगायन लपवले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. आज ते खरेही आहे. पण सुरुवातीला तसे नव्हते. ‘महल’ (१९४९) मधल्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे वाजू लागले आणि ही गाणारी कोण, असे विचारणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. नाव आल्यावरही झगडा संपला नव्हता. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळाले, तेव्हा समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला, कारण संगीतकाराला पुरस्कार होता आणि गाणाऱ्यांना नव्हता. पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले ते १९५९ साली. नाव मिळणे ही मेहेरबानी नसते, ते मागून घ्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. बेटी नोइसच्या पाठीशी पत्रे लिहिणारे श्रोते नव्हते.

दीनी इल्म कुठे आणि करमणूक कुठे, दोन्हींची तुलना करायची नाही. तरी एक गोष्ट मनात येते. हदीस सांगताना अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, अशी नावांची साखळी सांगावी लागते. साखळीतली एक कडी गाळली तर ती सनद कमजोर ठरते. त्या सांगणाऱ्या हजारो माणसांची चरित्रे जपणारे ‘अस्माउर्रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्रच आपल्या बुजुर्गांनी उभे केले. कुणाचे बोल कुणाच्या तोंडून आले, हे नाव घेऊन सांगण्याची इतकी कडक सवय ज्या परंपरेत आहे, तिच्यात वाढलेल्या माणसाला गाळलेले नाव लगेच टोचायला हवे. घाम वाळण्याआधी मजुराची उजरत द्या ही शिकवण तर आपल्या मुलांना मक्तबमध्येच मिळते. उजरतीत फक्त पैसा येतो की नावही येते, यावर आम्हाला वाटते की नावही येते. आपल्याच मोहल्ल्यांत घरी बसून जरीचे आणि आरीचे काम करणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. डोळे त्यांचे जातात आणि ओढणीवर चिठ्ठी लागते दुकानाची. (आणि शाळेत येणाऱ्या प्रकल्पवह्यांचे काय सांगावे! अक्षर अम्मीचे, चित्रे आपाची, नाव चिरंजीवांचे. त्या वह्यांना गुण द्यायचे कुणाला, हा आमच्यापुढचा दरवर्षीचा पेच.)

चित्रपटाच्या संगीताबद्दलही थोडे सांगायला हवे. निर्माते आर्थर फ्रीड हे मूळचे गीतकार. नासिओ हर्ब ब्राउन यांच्या साथीने त्यांनी लिहिलेली जुनी गाणी पुन्हा वापरून चित्रपट काढायचा, ही त्यांचीच कल्पना. शीर्षकगीतसुद्धा १९२९ सालच्या ‘द हॉलिवूड रेव्ह्यू’मध्ये येऊन गेलेले. गाणी त्या काळची, म्हणून लेखकांनी कथाही त्याच काळात नेऊन बसवली. ओकॉनरच्या वाट्याला एक विनोदी गाणे हवे होते ते नव्याने केले, आणि ते कोल पोर्टर यांच्या ‘बी अ क्लाउन’ या गाण्याशी इतके जुळते की ऐकणारा थक्क व्हावा. पोर्टरचे ते गाणे फ्रीड यांच्याच ‘द पायरेट’ (१९४८) या चित्रपटातले होते आणि त्यात जीन केलीच होते. पोर्टर यांनी दावा लावला नाही. श्रेयाच्या चोरीवर एवढी मार्मिक कथा सांगणाऱ्या मंडळींनी हे कसे चालवून घेतले, याचे आम्हाला नवल वाटते.

इतके सगळे लिहिल्यावर चित्रपट पाहावा की नाही, असे कुणी विचारेल. पाहणाऱ्या घरांनी जरूर पाहावा. १०३ मिनिटांचा खेळ, रक्तपात नाही, अर्वाच्य भाषा नाही, आणि माइकच्या गोंधळाचा भाग तर आजी-नातवंडांनी एकत्र पाहावा असा आहे. शेवटाकडे ‘ब्रॉडवे’चा लांबलचक नाच आहे. त्यातला सिड शरीसचा भाग मुलांसमोर नको वाटला तर तो पुढे सरकवता येतो. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. मुलांना ‘वुड यू?’च्या जागी थांबवून विचारा, हा आवाज कुणाचा असेल? तीन बायका आणि एक गळा हे कोडे त्यांना फार आवडते. आठवीच्या मुलींना आम्ही ते नुसते तोंडी सांगितले होते. एकीने लगेच विचारले, “मग आता तरी ते नाव लिहिता येत नाही का?”

चित्रपटाला त्या वर्षी ऑस्करची दोनच नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. दोनपैकी एक नामांकन जीन हेगनचे होते, सहायक अभिनेत्रीचे. लीनाचा तो आवाज काढण्याची तयारी तिची आधीपासूनची होती. ब्रॉडवेवर ‘बॉर्न यस्टरडे’ या नाटकात अशाच धाटणीची भूमिका करणाऱ्या जूडी हॉलिडेची ती बदली अभिनेत्री होती. पुढे दूरदर्शन मालिकांत तिने काम केले आणि १९७७ साली ती वारली. लोकांच्या कानांत राहिला तो लीनाचा चिरका सूर. तिचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०) हा तिचा दोन वर्षे आधीचा चित्रपट आहे, आणि ‘सिंगिन इन द रेन’मधली ती चारदोन वाक्ये, जी कॅथी माइकसमोर बोलते.